पिवळी काच

माझ्या वडिलांचं, गिस्लँ वात्रलोंचं नाव आमच्या गावच्या स्मारकाच्या दगडावर नाही. दगडावर सदतीस नावं आहेत, आडनावांच्या क्रमानं कोरलेली, आणि खाली कंपनीनं घातलेली एक रडकी ओळ. बाबांचं थडगं दफनभूमीच्या उत्तरेकडच्या भिंतीला चिकटून आहे. तिथं शेवाळ फार. असं का झालं ते मी बावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि मी काही अबोल बाई नाही. उलट गावात म्हणतात, सिदोनीच्या तोंडी लागण्यापेक्षा दिवसभर कोळशाची गाडी ढकललेली बरी.

मी खाणीच्या दिवेघरात कामाला होते. आमच्याकडे पोरगी बारा वर्षांची झाली की कोळसा निवडायला जायची, नाहीतर दिवेघरात; तिसरी वाट नव्हती. दिवेघराला निदान छप्पर होतं. दिवा पुसायचा, तेल भरायचं, वात कापायची, काच बसवायची, कुलूप लावायचं आणि नंबर पुकारून खिडकीतून हातात द्यायचा. कुलूप अशासाठी, की खाली कुणी पाइप पेटवायला दिवा उघडू नये. माणूस वर आला की त्याचा दिवा परत येऊन आपल्या खुंटीला लागायचा. खुंटी रिकामी म्हणजे माणूस अजून खाली. आमच्या गावची हजेरी ती.

बाबा खाणीत वायूवाले होते. कोळशातून जो वायू सुटतो त्याला वास नाही, रंग नाही, आवाज नाही. वात अगदी बारीक करून दिवा सावकाश छताकडे न्यायचा. वायू असला तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. टोपी गव्हाच्या दाण्याएवढी असेल तर काम चालू द्यायचं, बोटाच्या पेराएवढी झाली तर सुरुंग बंद आणि माणसं बाहेर. बाबांनी बघून "हवा चांगली" म्हटल्याशिवाय सुरुंगवाला काही पेटवायचा नाही, मग मुकादम किती का बोंबलेना. बाबा म्हणायचे, "ज्योतीला एकच शब्द येतो गं, पण ती खोटं बोलत नाही."

आणि मग केनसाँ मास्तर. आमच्या खाणीच्या बँडचे मास्तर. खाण तिथं बँड, ही आमच्याकडची रीत. आठवडाभर कोळसा गिळायचा आणि रविवारी पितळेतून तो फुंकून काढायचा. मास्तर उंच, किडकिडीत, बाहीला नेहमी शाई लागलेली. या गृहस्थांनी एक भाषा बनवली होती. सूर सात आणि ते जगात सगळ्या कानांना ऐकू येतात. रंग सात आणि ते सगळ्या डोळ्यांना दिसतात. दो म्हणजे लाल, रे नारिंगी, मि पिवळा, फा हिरवा, सोल निळा, ला गर्द निळा, सी जांभळा. या सातांतून मास्तरांनी अकरा हजार शब्द जुळवले होते. आंधळ्यानं ऐकावे, बहिऱ्यानं बघावे, मुक्यानं वाजवावे, आणि तुर्कानं रशियनाशी भांडण उकरण्याआधी चार गोड शब्द बोलावेत, असा सगळा बेत. सगळा कोश हातानं लिहिलेला. मास्तरांची बायको त्यांना सोडून लील शहरात भावाकडे गेली होती. गुत्त्यात लोक म्हणायचे, एका भाषेत बायकोशी पटलं नाही, म्हणून गडी दुसरी काढून बसला.

एकदा ते कशासाठी तरी दिवेघरात आले तेव्हा मी काचा पुसून नखानं टिचक्या मारत होते. ती माझी सवय. तडा गेलेली काच टिचकीला भद्द वाजते. मास्तर थबकले. "ही काच कुठला सूर बोलली?"

"ला," मी म्हटलं. "आणि ही जरा खालचा. सोलच्या अलीकडचा."

"तुला कुणी शिकवलं?"

"काचांनी," मी म्हटलं, आणि त्यांनी टोपी काढली. आमच्या खिडकीपाशी त्याआधी कुणी टोपी काढली नव्हती.

मी तीन वर्षांत ती भाषा शिकले. ती मला फार आवडायची, हे लपवण्यात अर्थ नाही. घरातल्या भाषेत मला "हो" आणि "आले" एवढंच म्हणायला लागायचं. मास्तरांच्या भाषेत मी पावसाबद्दल बोलायचे, रागाबद्दल बोलायचे, समुद्र पाहिला नव्हता तरी त्याबद्दलही बोलायचे. लोक म्हणाले मास्तरचं डोकं फिरलंय आणि पोरीचंही फिरवतोय. म्हणेनात का. जगात ती भाषा सफाईनं बोलणारी दोनच माणसं होती आणि त्यातली एक मी होते.

रविवारी गुत्त्यात आमचा खेळ व्हायचा. कुणीतरी मास्तरांच्या कानात एक वाक्य सांगायचं, ते कॉर्नेटवर, म्हणजे पितळी आखूड तुतारीवर, वाजवायचे, आणि डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेली मी ते मोठ्यानं सांगायचे. आमच्याकडे गाणाऱ्या पाखरांच्या पैजा लावतात आणि पाखरू जास्त गावं म्हणून त्याचे डोळे तापल्या तारेनं मिटवतात. त्यामुळे मी पट्टी बांधून उभी राहिले की ओनेझीम, आमच्या बँडचा कॉर्नेटवाला, हमखास ओरडायचा, "ए सिदोनी, मास्तरनं तुझेही डोळे डागले काय गं?"

"डागले असते तर तुझं थोबाड बघावं लागलं नसतं, मेल्या!" सगळे हसायचे, मीही.

पुढं मास्तरांच्या डोक्यात आलं की ही भाषा खाणीत उतरवायची. त्यात चूक काय होती? एरवी सुरुंगाआधी बाबांचा निरोप घेऊन माणूस बोगद्यातून धावत खाणीच्या उभ्या खड्ड्याच्या तळाशी जायचा, वरची परवानगी घेऊन परत यायचा. अर्धा तास माणसं हात चोळत बसायची. आता तीन चौक्या ठरल्या. पहिल्या चौकीवर, कोळसा फोडतात तिथं, बाबा. वळणावर एक पाय गेलेला म्हातारा तेलेस्फोर. तळाशी ओनेझीम कॉर्नेट घेऊन. बाबांनी रंग दाखवायचे, तेलेस्फोरनं तेच पुढं दाखवायचे, ओनेझीमनं ते वाजवायचे, आणि वर खड्ड्याच्या तोंडाशी मी ते ऐकून सांगायचे. कंपनीच्या इंजिनिअरला हिशेब लगेच कळला. मास्तरांनी खास दिवे करवून घेतले: ज्योतीभोवती पत्र्याचा फिरता डबा, त्याला सात खिडक्या, प्रत्येकीत एका रंगाची काच, मधे कोरा पत्रा.

आणि एक नियम आला. चौकीवर साधा दिवा न्यायचा नाही. पांढरा उजेड शेजारी असला की रंग फिके पडतात, लांबून वाचता येत नाहीत.

बाबा त्याच दिवशी दिवेघरात आले. मास्तर तिथंच होते.

"मास्तर, मला ज्योत दिसायला पाहिजे."

"दिसते की! पिवळ्या खिडकीतून बघ. पिवळा म्हणजे जवळजवळ पांढराच."

"वायू जवळजवळ पेटत नाही हो. पेटतो."

मास्तरांनी दिवा लावून पिवळी खिडकी पुढं केली. ज्योत छान दिसत होती, शांत, उभी. बाबांनी बघितलं न बघितलं केलं. "इथं काय दिसायचंय? इथं वायू आहे कुठं? निळी टोपी पिवळ्या काचेआड पुसली जाते. मला एक आठवी खिडकी द्या, साध्या काचेची. बस."

मास्तरांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या मुलाचं बोट कापायला मागितलं. "गिस्लँ, बारा वर्षं माझ्या बँडमधे ढोल वाजवलास तू. आठवा सूर कधी असतो का? आठवा म्हणजे पुन्हा पहिलाच. पांढऱ्याला सूर नाही. ज्याला सूर नाही ते माझ्या भाषेत बसत नाही."

"वायूलाही सूर नाही मास्तर," बाबा म्हणाले. "तोही बसत नसेल मग."

इंजिनिअरनं मास्तरांची बाजू घेतली. उंटावरून शेळ्या हाकणारे जसे घेतात तशी, दोन मिनिटांत, घड्याळाकडे बघत.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा खिडकीशी आले तेव्हा मागं कुणी नव्हतं. "पोरी, पिवळीच्या जागी साधी काच घाल. तेलाची ज्योत मुळातच पिवळी. तेवढ्या लांबून तेलेस्फोरला काय फरक कळतोय? त्याला घरात स्वतःची बायको ओळखू येत नाही."

"मास्तरांना कळलं तर?"

"मास्तर खाली येतो कधी?"

मला ते आवडलं नाही. आपल्याच भाषेतला एक सूर मी चोरतेय असं वाटलं. पण बाप तो बाप. मी पिवळी काच काढून फडताळात ठेवली, साधी बसवली, आणि त्यानंतर चार महिने बाबांच्या सतरा नंबरच्या दिव्यात मि पांढरा होता. तेलेस्फोर तो पिवळाच वाचायचा, कुणाचं काही अडलं नाही. काच बदलली त्या संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात टबात बसले होते आणि आई पाठ घासत होती. बाबा तिला म्हणाले, "आता काळजी करू नको लेओकादी. पोरीनं मला माझी काच दिलीय."

"बरं केलं," आई म्हणाली. "त्या मास्तरच्या नादानं तिला अजून थोडी अक्कल उरलीय म्हणायची."

मार्चमधे पॅरिसहून तीन साहेब यायचे ठरले. त्यांना भाषा पसंत पडली की ती आरमारात जाणार, रेल्वेत जाणार, आणि तिथं एक शाळा निघणार. मास्तर मला म्हणाले, "सिदोनी, पहिली शिक्षिका तू. मे महिन्यात निघायचं." मी पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. माझ्या आईची आई याच गावात मेली, आई इथंच मरणार, आणि मी पॅरिसला. दोन आठवडे मला झोप अशी लागली नाही.

तो दिवस उबदार आणि दमट होता. धुराड्यांचा धूर वर न जाता छपरांवर पसरला होता. बाबांनी सकाळी कॉफी घेताना खिडकीबाहेर बघितलं. "हवा जड झालीय. अशा दिवशी खाण सुस्कारे टाकते." पहाटेची फेरी ते साधा दिवा घेऊन करून आले होते, टोपी गव्हाच्या दाण्याएवढी होती, पण होती. खाली माणसं कामाला लागली होती, आणि चौक्यांवरचे तिघं साहेबांनी दिवे बघितल्यावर दहाला उतरणार होते.

साहेब डबे उघडून बघणार हे मास्तरांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणून त्या सकाळी मी सतरा नंबरमधे पिवळी काच परत घातली आणि साधी काच ॲप्रनच्या खिशात ठेवली. बेत साधा होता. साहेब बघतील, पुढं जातील, मला दोन मिनिटं मिळतील, काच बदलली की झालं.

साहेब आले, हातमोजे घातलेले. त्यांनी सातही काचा उजेडाला धरून बघितल्या, मान डोलावली. त्यातला बुटका साहेब जरा संशयी होता; त्यानं पॅरिसमधे असे खेळ पाहिले होते, पडद्यामागं माणूस बसवलेले. तो म्हणाला, "मागाहून कुणी लबाडी म्हणू नये." आणि त्यानं स्वतःच्या हातानं तिन्ही दिव्यांना कुलूप लावलं, वर शिशाची मोहोर दाबली, आणि दिवे एकेकाच्या हातात दिले. बाबांशी हस्तांदोलनसुद्धा केलं.

मी खिडकीत उभी. मास्तर माझ्या शेजारी, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मोहोर तोडायची म्हणजे सगळ्यांदेखत सांगायचं, की तुमच्या या भाषेतला मि चार महिने खोटा होता आणि तो खोटा करणारी मी. मग कसलं पॅरिस नि कसली शाळा.

बाबा जाता जाता खिडकीशी थांबले. हळूच विचारलं, "दिवा नेहमीचाच ना, पोरी?"

मी म्हटलं, "हो, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि माणसं खाली उतरवणाऱ्या पिंजऱ्याकडे गेले. मी मनाशी म्हटलं, ते बघतील, त्यांना फरक कळेल, चाळीस वर्षं ज्योत बघणाऱ्या माणसाला कळणार नाही होय? एका पाळीनं काय होतंय? असं बरंच काही म्हटलं. आता वाटतं ते सगळं दोन शब्दांतलं आहे: मला जायचं होतं. चाळीस वर्षं अंधारात काढलेले डोळे, फिकट पिवळी काच, आणि आपल्या मुलीनं दिलेला शब्द, यांपुढं फरक कळायला राहतो किती?

खड्ड्याच्या तोंडाशी खुर्च्या मांडल्या होत्या. माझे डोळे बांधले. बुटक्या साहेबानं सांगितल्याप्रमाणे मास्तरांनी कॉर्नेटवर खाली प्रश्न वाजवला: हवा कशी आहे? सुरुंग लावायचा का? मग शांतता. साहेब घड्याळ बघत असावेत, साखळीचा आवाज आला. मग खालून, फार खोलून, ओनेझीमचा कॉर्नेट आला.

मि-सोल. ला-ला-रे.

पिवळा, निळा. गर्द निळा, गर्द निळा, नारिंगी. मी मोठ्यानं, स्पष्ट, शाळेतल्या बाईसारखी म्हणाले, "हवा चांगली. वायू नाही."

टाळ्या पडल्या. एक साहेब म्हणाला, "काय सोपं आहे हो!" मास्तर नाक शिंकरत होते, रडत असतील. मला इतका आनंद झाला होता की ते सांगायची लाज वाटते. पायाखाली सुरुंगाचा धक्का आला, रोजच्यासारखा, दार लोटावं तसा. एक साहेब "अहा" म्हणाला. आणि मग दुसरा धक्का आला. तो रोजचा नव्हता.

खुर्च्या पडल्या. कुणी तरी माझ्या अंगावर आदळलं. पट्टी डोळ्यांवर तशीच होती, मला काढायचं सुचलं नाही. आधी वास आला, जळक्या धुळीचा, मग गरम वारा, मग बायकांचा आवाज, वस्तीकडून, सगळ्या घरांतून एकदम.

मला खिडकीत बसवलं, कारण दिवे परत घेणारी मीच होते. माणसं वर येत होती आणि मी दिवे टांगत होते. ओनेझीम वर आला, कानांतून रक्त, हातात कॉर्नेट तसाच घट्ट. त्याला नंतर कधी ऐकू आलं नाही. तेलेस्फोर आला नाही. खिडकीबाहेर बायका उभ्या होत्या, त्या खुंट्यांकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. दिवस मावळला तेव्हा अडतीस खुंट्या रिकाम्या होत्या. सतरा नंबरही.

मास्तर खिडकीशी आले, मेणासारखे पांढरे. "सिदोनी," ते म्हणाले, "चाळीस सेकंदांत निरोप वर आला. एकही सूर चुकला नाही. तू ऐकलंस ना? एकही नाही." ते रडत होते आणि मला वाटतं ते काय बोलतायत हे त्यांना कळत नव्हतं. मी त्यांच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, मास्तर." त्या दिवशी मी सगळ्यांना होच म्हणत होते.

बाबांना तिसऱ्या दिवशी वर आणलं. दिवाही मिळाला, डबा चेपलेला, एकाही खिडकीत काच नव्हती. चौकशीच्या वेळी मला विचारलं, दिवे कसे होते? मी म्हटलं, साहेबांनी स्वतः बघून मोहोर केली होती. खरंच होतं ते. निकाल असा लागला की संकेताच्या भाषेनं आपलं काम बिनचूक केलं. दोष वायूवाल्याच्या नजरेचा, वयामुळं अधू झालेल्या. सदतीस घरांतल्या बायका म्हणाल्या, आमच्या माणसांशेजारी त्याचं नाव नको. दुकानात एक बाई आईच्या पायांशी थुंकली. आईनं बूट पुसला आणि पाव घेऊन घरी आली. मास्तरांना कुठल्याशा मंडळानं पदक दिलं म्हणे. त्यांची मला तीन पत्रं आली, बिनशब्दांची, नुसत्या रंगीत ठिपक्यांची. मी ती न वाचता चुलीत घातली.

साधी काच कुठं गेली ते मला कळलं नाही. गोंधळात खिशातून पडली असेल असं मी धरून चालले. मी लग्न केलं नाही. दिवेघरातच राहिले, आईजवळ राहिले.

पहिल्याच वर्षी, मृतांच्या सणाला, आई मला भिंतीपाशी घेऊन गेली. दगडापाशी सगळं गाव होतं, आमच्याकडे पाठ करून. आई म्हणाली, "त्यांचं शेवटचं बोलणं तू ऐकलंस ना? म्हणून दाखव."

मी गायले. मि-सोल. ला-ला-रे.

"याचा अर्थ काय?"

"हवा चांगली. वायू नाही."

आईनं मान डोलावली, फुलं ठेवली, आणि आम्ही घरी आलो. त्यानंतर दरवर्षी. नोव्हेंबरचा पाऊस असो, बर्फ असो, ती भिंतीशी उभी राहून म्हणायची, "गा," मी गायचे, ती अर्थ विचारायची, मी सांगायचे. मला वाटायचं म्हातारीला यातून धीर मिळतो. आपला नवरा निर्धास्त गेला, भ्याला नाही, असं तिला वाटत असावं. ती भाषा तोवर कुणी बोलत नव्हतं. मास्तर वारले होते. वर्षातून एकदा, शेवाळलेल्या भिंतीपाशी, तेवढे पाच सूर.

गेल्या वर्षी आईची छाती भरली होती, तरी ती आली. माझ्या हाताला धरून, दर दहा पावलांवर थांबत. म्हणाली, "गा."

काय झालं सांगता येत नाही. मि लागेचना. मी म्हटलं, "आई, दिवा नेहमीचा नव्हता. त्यांनी विचारलं होतं मला. मी हो म्हटलं."

आई थडग्यावरची ओली पानं काठीनं बाजूला करत होती. ती थांबली नाही. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"त्या रात्री तुझा ॲप्रन मीच भिजत घातला ना? खिशात काच होती. साधी." ती खोकली, बराच वेळ खोकली. "त्यांनी मला सांगितलं होतं, पोरीनं माझी काच दिलीय म्हणून. ती त्यांच्या दिव्यात असायला हवी होती. तुझ्या खिशात निघाली. मला काय, हिशेब करायला इंजिनिअर लागतो?"

"मग तू बोलली का नाहीस? त्यांचं नाव—"

"त्यांचं नाव दगडावर घालायचं तर तुझं नाव सांगावं लागलं असतं. त्या बायकांनी तुला उभी फाडली असती, आणि त्यांचं काही चुकलंही नसतं. नवरा गेला होता. पोरगीही द्यायची होती का मी?"

मी भिंतीला टेकले. दगडापाशी पाद्री नावं वाचत होता, एकामागून एक, ऐकू येत होती. मी विचारलं, "मग दरवर्षी मला इथं गायला का लावायचीस?"

आईनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, निदान मला दिसला नाही. "मारायचं तुझं वय उलटून गेलं होतं," ती म्हणाली. "काहीतरी तर करायला हवं होतं मला."

मी विचारलं, "काच कुठं आहे?"

तिनं काठीचं टोक थडग्यावर टेकवलं. "त्यांच्या शवपेटीत घातली. त्यांची होती." मग शाल सावरली आणि म्हणाली, "चल, गा आता. पाय गारठले माझे."